कावडियाच्या वाटेवर बादल

बादल आमच्या घरात होता तोवर तो कुणाचा, हे कुणाला विचारावं लागलं नाही. त्याला भाकरी आई टाकायची, त्यानं मातीनं माखवलेला ओटा मी धुवायची, अण्णांच्या सायकलची घंटी ऐकून तो गल्लीच्या तोंडापर्यंत धावत जायचा. पण कुत्रा होता तो कुमुदआत्याचा. आत्या म्हणजे अण्णांची धाकटी बहीण. लग्न होऊन धारला गेली, आणि वर्ष व्हायच्या आत नवरा विषमज्वरानं गेला म्हणून परत उज्जैनला आली, ती माझ्या जन्माआधीच. त्यामुळे मला तिच्याशिवायचं घर माहीतच नव्हतं. आई आणि आत्या ही मला एकाच घराची दोन दारं वाटायची. एक पुढचं, एक मागचं.

फाळणीनंतर आमच्या समोरच्या धर्मशाळेत सिंधमधून आलेली काही कुटुंबं उतरली होती. त्यातलं एक पुढे कुठल्याशा गावी निघालं, तेव्हा त्यांच्या मुलीनं एक राखाडी पिल्लू आणून आत्याच्या ओटीत टाकलं आणि मागं न बघता टांग्यात जाऊन बसली. आत्या ते पिल्लू पदरात घेऊन ओट्यावर तशीच उभी राहिली. "ढगाच्या रंगाचा आहे मेला," ती म्हणाली, आणि त्याचं नाव बादल पडलं. आईनं पहिल्याच दिवशी बजावून सांगितलं, स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही. बादलनं ते जन्मभर पाळलं. पुढचे दोन पाय उंबऱ्यावर ठेवून तो आत बघत बसायचा, आणि आत्या चुलीपुढून त्याला रागावल्याचं नाटक करायची.

आमचं घर देवास गेटच्या अलीकडच्या एका गल्लीत होतं. पहाटे गिरणीचा भोंगा व्हायचा, त्यामागून देवळांच्या घंटा, मग स्टेशनकडे जाणाऱ्या टांग्यांच्या टापा. कोपऱ्यावरचा पोहेवाला कढई घासायला लागला की बादल उठून आळस द्यायचा. रविवारी आमच्याकडे बाफले, म्हणजे कणकेचे उकडून भाजलेले गोळे, असायचे. वरणात चुरून वर तूप ओतायचं आणि जेवून सगळ्यांनी जमिनीवर आडवं व्हायचं, अशी रीत. आत्या एक बाफला तुपाविना बाजूला ठेवायची, कडक. तो बादलचा. दुपारी सगळे झोपले की मागच्या अंगणात तांदूळ निवडत ती त्याच्याशी गोष्टी करायची. आमच्या उज्जैनच्या मराठीत गप्पा मारत नाहीत, गोष्ट करतात. मी झोपेचं सोंग घेऊन ऐकायची. धारचं घर, तिथली विहीर, सासूनं दिलेली एक निळी साडी, असलं काहीबाही ती त्याला सांगायची. आमच्यापैकी कुणाला तिनं हे कधी सांगितलं नाही. आम्ही विचारलंही नाही म्हणा.

अण्णा जंगल खात्यात कारकून होते. आमचे पणजोबा शिंदे सरकारच्या दफ्तरात कारकून म्हणून इकडे आले आणि तेव्हापासून आमच्याकडे बाकी काही बदललं तरी लेखणी तीच राहिली. ग्वाल्हेरचं राज्य गेलं, मध्यभारत आला, आणि आता मध्यभारतही जाऊन नवीन मोठा प्रांत होणार, राजधानी भोपाळला जाणार, हे बोलणं त्या वर्षी प्रत्येक ओट्यावर चालू होतं. शेजारचे एक म्हातारे मास्तर म्हणायचे, "मी इथंच बसून आहे हो, राज्यंच माझ्या बुडाखालून बदलून राहिलीत." सगळे हसायचे. अण्णाही हसले, त्यांच्या बदलीचा हुकूम येईपर्यंत. दिवाळी झाली की भोपाळला हजर व्हायचं होतं. सरकारी क्वार्टर मिळणार होतं, वरच्या मजल्यावर, दोन खोल्यांचं.

त्या दोन खोल्यांवरून घरात बरेच दिवस हळू आवाजात बोलणं चाललं. एका दुपारी आईचा आवाज जरा चढला. "दोन खोल्यांत आपण पाच. वर जिना, खाली दुसऱ्याचं अंगण. तिथं माणसं ठेवू की जनावरं?" आत्या मागच्या अंगणात सूप घेऊन बसली होती. मी तिच्यासमोर होते. तिचे हात थांबले, मग पुन्हा चालू झाले. आई वाईट नव्हती. तिला माझ्या धाकट्या भावाचा, विनूचा, सततचा खोकला सांभाळायचा होता, अनोळखी शहरात संसार मांडायचा होता. ती बादलबद्दलच बोलत होती. पण त्या वाक्यात आत्यालाही आपण बसतोय असं वाटलं असेल, हे कळायला मला स्वतःचा संसार व्हावा लागला.

दिवाळीच्या थोडं आधी अण्णांचा बागलीकडच्या जंगलातला शेवटचा दौरा निघाला. त्यांनी एकाएकी म्हटलं, "सुमी, चल या वेळी माझ्याबरोबर. बादललाही घेऊ." मी चौदा वर्षांची होते, दौऱ्यावर कधी गेले नव्हते. मला आभाळ ठेंगणं झालं. आणि माझ्याहून जास्त आनंद आत्याला. "जाऊ दे, जाऊ दे. गल्लीत जन्म गेला बिचाऱ्याचा, म्हातारा व्हायच्या आत जंगल तरी बघू दे." तिनं माझ्यासाठी दशम्या बांधल्या आणि बादलसाठी वेगळ्या फडक्यात जाड भाकरी. निघताना तिनं त्याचे कान दोन्ही हातांत धरून सांगितलं, "सुमीला सोडून कुठं जायचं नाही. समजलं?" अण्णा सायकलला कुलूप लावत होते. ते कुलूप त्यांना लवकर लागेना.

खात्याची लाकडं वाहणारी मोटार आम्हाला बागलीच्या पुढे सोडून गेली. तिथून पायवाट. पावसाळा नुकताच सरलेला, सागाची पानं अजून हिरवी, पण कडांनी करपायला लागलेली. पायाखाली ओली माती आणि वर पानांचा सारखा खडखडाट. बादल पहिली घटकाभर बावरून माझ्या पायात पायात येत होता. मग त्याच्या नाकात काय भरलं देव जाणे, तो पुढे पळाला, परत आला, पुन्हा पळाला. गल्लीतला तो शहाणा कुत्रा एकदम पिल्लू झाला. वाट वर चढत गेली आणि झाडी जरा विरळ झाली तसा समोर कावडियाचा डोंगर आला.

मी तसले दगड त्याआधी पाहिले नव्हते, नंतरही कुठं नाहीत. काळे, लांबलचक, कडा तासून काढलेल्या तुळयांसारखे. काही उभे रोवलेले, बरेचसे एकावर एक आडवे रचलेले, वखारीत लाकडं रचतात तसे. डोंगरच्या डोंगर अशा रचलेल्या दगडांचा. भीमानं कावडीतून वाहून आणले आणि इथं टाकून दिले, असं तिकडचे लोक सांगतात. दोन राशींमधून जेमतेम एक माणूस जाईल एवढ्या फटी होत्या, आणि बादल एका फटीतून शिरून भलत्याच फटीतून बाहेर यायचा. मी हसत होते, त्याला हाका मारत होते, वरच्या दगडावर चढून त्याला वाकुल्या दाखवत होते. अण्णा खाली वाटेवर छत्री टेकून उभे होते. "बघा ना अण्णा, कसा करून राहिलाय!" मी ओरडले. ते म्हणाले, "हो, बघतोय."

डोंगराच्या पलीकडे खात्याची चौकी होती. एक कुडाची झोपडी, एक पत्र्याची खोली, आणि तिथला नाकेदार रामसिंग. अण्णांनी काम आटोपलं. रामसिंगच्या बायकोनं मक्याच्या रोट्या आणि लसणाची चटणी दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून पाहिलं तर बादल झोपडीच्या मेढीला दोरखंडानं बांधलेला. तो मला बघून शेपूट हलवत होता. मी दोर सोडायला गेले, तर अण्णा म्हणाले, "राहू दे. तो इथंच राहणार आहे."

मी काय काय बोलले ते आता आठवत नाही. रडले एवढं आठवतं. अण्णांनी मला हाताला धरून वाटेला लावलं. मागून बादलचं भुंकणं येत होतं, आधी नेहमीचं, आम्ही दिसेनासे झालो तसं वेगळं. दगडांच्या राशींमध्ये शिरल्यावर ते चारी बाजूंनी आल्यासारखं वाटायला लागलं. अण्णा भरभर चालत होते. वाटेतल्या एका ओढ्याशी आल्यावर ते थांबले, तोंडावर पाणी मारलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "घरी सांगायचं, बिबट्यानं नेला."

"का?"

"सोडून आलो म्हटलं तर कुमुदला सोसवणार नाही."

"आणि बिबट्यानं खाल्ला म्हटलं तर सोसवेल?"

त्यांनी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले, "मरण तिनं सोसलेलं आहे. ते तिला जमतं."

हे वाक्य मी आयुष्यात फार वेळा मनात म्हणून पाहिलं आहे. त्यात क्रूरपणा नाही, हेच त्यातलं वाईट. बहिणीला कमीत कमी दुखावं म्हणून एका भावानं विचार करकरून शोधलेली ती वाट होती. अण्णांचा चेहरा त्या दिवशी पुसल्यावरही कोरडा झाला नाही.

घरी पोचलो ते दिवेलागणीला. आई देवापुढे निरांजन लावत होती, विनू पाढे म्हणत होता. आत्या धावत ओट्यावर आली आणि आमच्या मागं गल्लीत बघायला लागली. अण्णांनी चपला काढल्या, नीट शेजारी शेजारी ठेवल्या, आणि ठरवलेलं वाक्य म्हटलं. आत्या खांबाला टेकली. विनू मोठ्यानं रडायला लागला. आईनं निरांजन तसंच हातात धरलं होतं, आणि तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं, तिला हे आधीपासून माहीत होतं.

"ओरडला का रे तो, दादा?" आत्यानं विचारलं.

अण्णांना याचं उत्तर ठरवून ठेवायचं सुचलं नव्हतं. तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं. "सुमी, तू होतीस ना तिथं? त्याला फार लागलं का?"

तिच्या त्या विचारण्यात संशय नव्हता. त्याला किती दुखलं असेल, एवढंच तिला हवं होतं. संशय असता तर कदाचित मी खोटं बोलू शकले असते. मी म्हटलं, "आत्या, तो मेला नाही. नाकेदाराकडे बांधून आलो आम्ही."

घरात काही पडलं नाही, कुणी ओरडलं नाही. अण्णा आतल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. आईनं निरांजन ठेवलं आणि ताटं घ्यायला लागली. मी खरं बोलले होते. शाळेत, घरी, सगळीकडे तेच करायला शिकवलं होतं. आणि तरी त्या क्षणी जे तुटलं ते आजही तसंच आहे. बायको, बहीण, लहान मुलगा यांच्यादेखत मी माझ्या बापाला खोटारडं ठरवलं होतं. त्या माणसानं माझ्यावर कधी हात उचलला नव्हता. त्या रात्रीही नाही उचलला. उचलला असता तर बरं झालं असतं असं मला पुढे किती वर्षं वाटत राहिलं.

सकाळी आत्या लुगडं नेसून, हातात पिशवी घेऊन तयार होती. धारहून परतल्यापासून ती उज्जैनच्या बाहेर गेली नव्हती. देवळाखेरीज कुठं एकटीही गेली नव्हती. "सुमी, वाट दाखवशील?" एवढंच म्हणाली. आईनं अडवलं नाही. उलट मुकाट्यानं तिच्या पिशवीत शेव-परमल, म्हणजे शेव-कुरमुरे, आणि गुळाचा खडा घातला. आम्ही दोघी देवास गेटच्या मोटर अड्ड्यावर गेलो, तर चायवाल्याच्या बाकावर अण्णा बसले होते. पहाटेच घरातून निघून आले असणार. हातात कप होता, चहा तसाच. आत्या त्यांच्यासमोर उभी राहिली.

"वाट मला माहीत आहे," अण्णा म्हणाले. "सुमीला दुसऱ्यांदा नीट सापडायची नाही."

मोटारीत चढताना आत्यानं पिशवी त्यांच्या हातात दिली. देवासपर्यंत, देवासहून बागलीपर्यंत, तिघं एका ओळीत बसलो. मधे मी, दोन्ही बाजूंना ते. वळणावर मोटार कलली की त्यांचे खांदे आळीपाळीनं माझ्यावर यायचे. रात्र बागलीच्या एका देवळाच्या पडवीत काढली आणि उजाडताच पायवाटेला लागलो. आत्या अनवाणी चालत होती. चपलेचा अंगठा तुटला होता, तो दुरुस्त करायला ती थांबायला तयार नव्हती.

चौकीवर मेढीला दोरखंडाचा तुकडा लोंबत होता. रामसिंग आम्हाला बघून ओशाळला. "बाबूजी, वो तो उसी साँझ रस्सी चबा के भाग गया. आपकेच पीछे गया होगा." त्यानं शोधलं होतं, हाका मारल्या होत्या. मग मान खाली घालून म्हणाला, "इधर तेंदुआ है, बाबूजी. पत्थरों में रहता है."

तेंदुआ म्हणजे बिबट्या. अण्णांनी टोपी काढून हातात घेतली. आपण घरी जे बोललो ते जंगलात खरं होऊन बसलंय, असं त्यांच्या मनात आलं असणार, कारण माझ्याही मनात तेच आलं. आत्या मात्र वळून चालायलाही लागली होती, दगडांकडे.

त्या सकाळचं चालणं मी विसरणार नाही. तेच दगड, ज्यांच्यावर मी नाचले होते, आता त्यांची प्रत्येक फट अंधारी दिसत होती. आत्या हाका मारत होती. "बादल! ए बादल!" पहिल्या हाका अगदी बारीक, शेजारच्या खोलीत ऐकू जाव्यात तशा. मोठ्यानं बोलण्याची सवयच राहिली नव्हती तिला. मग आवाज फुटत, चिरकत मोठा होत गेला, आणि शेवटी ती अशी ओरडायला लागली की वरच्या झाडांतले पोपट उडाले. इतकी वर्षं ज्या बाईला घरात खोकतानासुद्धा पदर तोंडाला लावताना पाहिलं, तीच ही. उत्तर येत नव्हतं. ऊन चढलं. तिचा आवाज बसला.

तेव्हा अण्णांनी एक गोटा उचलला आणि एका आडव्या दगडावर जोरानं आपटला. टण्णकन आवाज झाला. घंटेवर टोला पडावा तसा, धातूचा, लांब जाणारा. मी दचकले. कावडियाचे दगड वाजतात, हे अण्णांना माहीत होतं. पहिल्या खेपेला त्यांनी मला हे दाखवलं नव्हतं, दाखवावं असं मनच झालं नसेल. "हा आवाज खाली दरीपर्यंत जातो," ते म्हणाले, आणि एका राशीवरून दुसऱ्या राशीवर चढत, घामानं निथळत, ठोकत सुटले. मीही गोटा घेतला. थोडं ठोकायचं, थांबायचं, ऐकायचं. असं करत आम्ही ओढ्याच्या वरच्या कड्याशी आलो, आणि तिथं एका थांबण्यात खालून आवाज आला. भुंकणं म्हणवणार नाही. कुणीतरी घसा खरवडावा तसा.

दोन राशींमधल्या एका खोल फटीत तो होता. गळ्यात दोरखंडाचा उरलेला तुकडा, त्याची गाठ दोन दगडांमध्ये अडकलेली. आमच्या मागं यायला निघाला आणि इथं फसला. सुटायला त्यानं इतकी धडपड केली होती की मानेवरचे केस जाऊन कातडं दिसत होतं, मागचा एक पाय सुजून वाकडा झाला होता. पावसाचं पाणी एका खळग्यात साचलं होतं म्हणून जगला. आत्या पुढे झाली, तर अण्णांनी तिला हातानं मागं सारलं. "मी जातो. चावला तर मला चावू दे." ते आडवे होऊन त्या फटीत सरकले, सदरा फाटला, कोपरं सोलवटली. बादल गुरगुरेल म्हणून मी डोळे मिटून घेतले. काहीच ऐकू आलं नाही. डोळे उघडले तेव्हा अण्णा हात पुढे करून तसेच पडून होते आणि बादल तो हात चाटत होता. त्याची शेपटी दगडावर हळूहळू आपटत होती. ज्या माणसानं बांधलं तो माणूस आला, याचाच त्याला आनंद झाला होता.

अण्णा तिथंच, त्या फटीत, पालथे पडून रडले. मोठी माणसं मयताला रडतात तसे. आत्या वरून बघत होती. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "त्याला काय माहीत, दादा. चल, दोर काप आता."

अण्णांनी बादलला खांद्यावर घेतलं, शेळी घेतात तसं, आणि तसेच ओढ्यापर्यंत आले. तिथं त्याला पाणी पाजलं, आत्यानं गुळाचा खडा ओला करून त्याच्या जिभेवर ठेवला, पदर फाडून पाय बांधला. मग ती हात धूत धूत म्हणाली, "मी भोपाळला येणार नाही."

"अगं, त्याला घेऊनच जाऊ," अण्णा म्हणाले. "जिन्याखाली ठेवू, मी साहेबांना विचारतो, काहीही करतो."

"बादलमुळे नाही रे. काल मोटर अड्ड्यावरून निघाल्यापासून विचार करून राहिलेय. सुमीनं मला सांगितलं, तू ओढ्यावर काय म्हणालास ते." तिचा आवाज बसलेलाच होता, त्यामुळे प्रत्येक शब्द ओढून आणावा लागत होता. "मला काय सोसवतं, काय नाही, हे तुम्हीच ठरवता. माझ्या भल्याचंच ठरवता. धारहून परत आले तेव्हापासून असंच चाललंय. मी कधी म्हटलंच नाही की मला विचारा. आता म्हणते."

मी पाण्यात पाय सोडून बसले होते. ते बाहेर काढावेत की नाही, तेही मला कळेना. आदल्या रात्री पडवीत अण्णा झोपल्यावर, दादा तुला काय म्हणाला असं तिनं मला विचारलं आणि मी ओढ्यावरचं वाक्य सांगितलं होतं. दुसऱ्यांदा खरं बोलले होते.

आत्या उज्जैनला राहिली. माधव नगरात एका ओळखीच्यांच्या घरात मागची खोली घेतली, खाली, अंगणासकट. मुलींना शिवण शिकवायला लागली. पुढे तिच्या शिवणवर्गाला इतक्या मुली यायच्या की बाहेर सायकलींना जागा नसे. बादल तीन पायांवर लंगडत बरीच वर्षं जगला आणि त्या अंगणातच गेला. आत्या नव्वदीच्या जवळ जाऊन गेली. लोक म्हणतात, छानच झालं की सगळं. झालं खरं. पण भोपाळच्या क्वार्टरमध्ये ज्या कोपऱ्यात आत्याची खाट लागणार होती तिथं अण्णांनी माझ्यासाठी टेबल आणून ठेवलं. त्या टेबलावर अभ्यास करून मी मॅट्रिक झाले, पुढे शिकले, नोकरीला लागले. तिथं बसताना दर वेळी वाटायचं, मी कुणाच्या तरी जागेवर बसलेय. घरातलं सगळं काम आईच्या एकटीच्या हातावर आलं. तिनं कधी मला दोष दिला नाही, फक्त बाफले करायचे सोडले. आणि अण्णा मला दौऱ्यावर पुन्हा कधी घेऊन गेले नाहीत. माझ्याशी ते शेवटपर्यंत प्रेमानं वागले, पण बोलताना नजर माझ्या खांद्याच्या जरा वर कुठंतरी ठेवायचे. मी गप्प राहायला हवं होतं का, हे मी त्यांना विचारू शकले नाही. आत्याला विचारलं, ती म्हातारी झाल्यावर. ती म्हणाली, "गप्प राहिली असतीस तर मी तुमच्याबरोबर आले असते आणि जन्मभर त्या बिचाऱ्या बिबट्याला शिव्या देत बसले असते." आणि हसली. मी हसले नाही. दोष काय आणि कुणाचा, याचा हिशेब मला अजून लावता येत नाही. माझ्यापुरतं एवढं ठाऊक आहे की मी खरं बोलले आणि एक घर दोन ठिकाणी झालं.

आम्ही उज्जैन सोडलं त्याच्या आदल्या दिवशी भाऊबीज होती. घरभर बांधलेलं सामान, वळकट्या, पोत्यात भरलेली भांडी. आमच्याकडे विधवा बहिणीनं भावाला ओवाळायची रीत नव्हती. दर वर्षी मी विनूला ओवाळायची आणि आत्या आत अनारसे तळत बसायची. त्या दिवशी दोन ट्रंकांच्या मधे तिनं स्वतः पाट मांडला, भोवती रांगोळीचं एक बोट ओढलं आणि अण्णांना म्हणाली, "बस." अण्णांनी आईकडे पाहिलं. आई कितीतरी वेळ जागची हलली नाही. मग आत गेली, ट्रंकेत बांधून ठेवलेलं ताम्हन पुन्हा सोडवून काढलं, त्यात निरांजन, सुपारी, अक्षता ठेवल्या, आणि स्वतःचा कुंकवाचा करंडा उघडून आत्याच्या हातात दिला. "वन्सं, घ्या," ती म्हणाली.

अण्णा पाटावर बसले. डोक्याला टोपी, कोपरांवरच्या खपल्या अजून ओल्या, हनुवटी छातीला टेकलेली. आत्या बोटावर कुंकू घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिली. निरांजनाची वात तडतडत होती. बादल बांधलेला पाय लांब करून दारात पडला होता. आत्या थांबून राहिली, वात निम्मी जळून गेली, तरी अण्णांची मान वर होईना.

"दादा," ती म्हणाली, "वर बघ ना. टिळा कुठं लावू?"